ऋषिकुल्येच्या मुखाशी : गंजामच्या किनाऱ्याचा परिचय

कोलकात्याहून चेन्नईकडे जाणारा लोहमार्ग ओडिशाच्या दक्षिण भागात आला म्हणजे प्रवाशाच्या डाव्या हातास चिल्का सरोवराचे विस्तीर्ण पाणी दिसू लागते, तर उजव्या हातास पूर्व घाटाच्या टेकड्या अगदी जवळ येतात. रंभा, हुमा, गंजाम, छत्रपूर ही स्थानके एकामागून एक मागे पडतात आणि गाडी ब्रह्मपूर शहरात प्रवेश करते. या स्थानकांच्या पूर्वेस, भातखाचरे आणि केवड्याची बने ओलांडल्यावर, बंगालच्या उपसागराचा एक सरळ, वालुकामय किनारा आहे. उत्तरेस चिल्का सरोवराच्या दक्षिण कडेपासून दक्षिणेस बाहुदा नदीपर्यंत पसरलेला हा गंजाम जिल्ह्याचा किनारा सुमारे ६० किलोमीटर लांबीचा आहे. याच किनाऱ्यावर ऋषिकुल्या नदी समुद्रास मिळते.

कोकणचा किनारा पाहिलेल्या वाचकास हा प्रदेश प्रथमदर्शनी एकसुरी वाटण्याचा संभव आहे. कोकणात डोंगराच्या सोंडा समुद्रात घुसलेल्या असतात. दोन भूशिरांच्या कुशीत एखादी चिमुकली पुळण असते आणि प्रत्येक वळणावर देखावा बदलतो. गंजामला तसे काही नाही. येथे वाळूची एकच लांबलचक पट्टी आहे आणि तिच्यावर उघड्या समुद्राच्या लाटा अखंड आदळत असतात. परंतु निसर्गाने आणि मनुष्याने या साध्या पट्टीवर जे कार्य केले आहे, ते समजून घेऊ लागताच तिचा एकसुरीपणा नाहीसा होतो. तिच्या वाळूत पर्वतांचा इतिहास आहे, तिच्या गावांच्या नावांत प्राचीन नौकानयनाचा इतिहास आहे, आणि वसंत ऋतूच्या सुमारास काही रात्री तिच्यावर असा एक सोहळा घडतो, की ज्याची बरोबरी करणारी स्थळे साऱ्या जगात मोजकीच आहेत.

डोंगरांतून आलेली वाळू

गंजामच्या पुळणीवरील मूठभर वाळू तळहातावर घेऊन भिंगातून पाहिल्यास ती एकाच रंगाची नाही, हे ध्यानात येते. तीत पांढरे व पारदर्शक कण पुष्कळ असतात. ते गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे होत. त्यांच्यात काळे, तांबूस, गुलाबी आणि मधाच्या रंगाचे कण मिसळलेले असतात. काळे कण बहुधा इल्मेनाइट या लोह व टायटॅनियमयुक्त खनिजाचे, तांबूस-गुलाबी कण गार्नेटचे, आणि पिवळसर कण मोनाझाइटचे असतात. यांशिवाय रूटाइल, झिर्कॉन आणि सिलिमनाइट ही खनिजेही त्या वाळूत आढळतात.

हे कण समुद्राने निर्माण केलेले नाहीत. त्यांचे माहेर पूर्व घाटात आहे. पूर्व घाटाचा मोठा भाग खोंडालाइट आणि चार्नोकाइट या अतिप्राचीन खडकांचा बनलेला आहे. पैकी खोंडालाइट हे नाव त्या डोंगरांत राहणाऱ्या खोंड किंवा कंध या आदिवासी जमातीवरून भूवैज्ञानिकांनी दिले आहे. गार्नेट आणि सिलिमनाइट ही या खडकाची प्रमुख खनिजे होत. ऊन, पाऊस आणि वनस्पतींची मुळे यांच्या योगाने खडक झिजतो, त्याचे कण सुटे होतात आणि पावसाळ्यातील पूर ते समुद्राकडे वाहून नेतो. कंधमाळच्या डोंगरांत उगम पावणारी ऋषिकुल्या सुमारे १६५ किलोमीटरांच्या प्रवासात हेच कार्य अव्याहत करीत असते.

समुद्रात येऊन पडलेल्या या मिश्रणाची पुढची निवड लाटा करतात. क्वार्ट्झ पाण्याच्या सुमारे २.६५ पट जड आहे; इल्मेनाइट आणि झिर्कॉन सुमारे साडेचार ते पावणेपाच पट, तर मोनाझाइट पाच पटींहून जड आहे. लाट किनाऱ्यावर चढते तेव्हा ती सर्व कण वर आणते. परंतु परत फिरणारे पाणी दुर्बळ असल्याने ते हलके कणच माघारी नेऊ शकते आणि जड कण जागेवरच राहतात. गृहिणी सुपात धान्य पाखडते तेव्हा कोंडा पुढे जातो व दाणे मागे राहतात. त्याच तत्त्वावर समुद्र येथे हजारो वर्षे वाळू पाखडीत आला आहे. वादळानंतर पुळणीवर जे काळे पट्टे उमटलेले दिसतात, ते या पाखडणीचे फळ होय.

या काळ्या वाळूस आजच्या उद्योगात मोठे मोल आहे. टायटॅनियमची संयुगे पांढऱ्या रंगलेपासाठी लागतात, झिर्कॉन भट्ट्यांच्या अस्तरासाठी व चिनी मातीच्या उद्योगासाठी उपयोगी पडतो, आणि मोनाझाइटमध्ये थोरियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य व विरल मृत्तिका नावाने ओळखली जाणारी मूलद्रव्ये असतात. छत्रपूरजवळ केंद्र सरकारच्या अखत्यारीतील कंपनीचा प्रकल्प असून तेथे वाळू उपसून तिच्यातील खनिजे वेगळी केली जातात. त्यासाठी घनता, चुंबकीय गुण आणि विद्युत्‌वाहकता या तीन गुणधर्मांतील फरकांचा उपयोग करतात. समुद्राने अर्धे केलेले काम यंत्र पुरे करते, असे म्हणता येईल.

चालणारा किनारा

नकाशावर किनारा एका रेषेने दाखविलेला असतो आणि त्यामुळे तो स्थिर आहे, असा आपला समज होतो. गंजामच्या किनाऱ्याइतका हा समज खोटा ठरविणारे स्थळ विरळाच. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या काळात लाटा दक्षिणेकडून तिरप्या येऊन किनाऱ्यावर फुटतात. तिरप्या येणाऱ्या लाटेबरोबर वाळूचा कण तिरकाच वर चढतो; परतताना मात्र उताराच्या दिशेने सरळ खाली येतो. म्हणजे प्रत्येक लाटेगणिक तो हातभर का होईना, उत्तरेकडे सरकतो. हिवाळ्यात ईशान्य वाऱ्यामुळे काही वाळू उलट दिशेने जाते खरी, परंतु वर्षअखेरचा हिशेब उत्तरेच्या बाजूनेच पडतो. ओडिशाच्या किनाऱ्यावरून दरवर्षी सुमारे १० लाख घनमीटर वाळू याप्रमाणे उत्तरेकडे वाहून जाते, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

किनाऱ्याची ही वाळूची नदी आणि ऋषिकुल्येची पाण्याची नदी यांची गाठ नदीमुखाशी पडते. वाळूचा दांडा नदीचे तोंड अडवीत उत्तरेकडे वाढू लागतो. नदी त्याला वळसा घालून समुद्राकडे जाण्याची वाट शोधते. मग एखाद्या पावसाळ्यात मोठा पूर येतो किंवा चक्रीवादळ होते आणि दांडा फुटून नवे मुख तयार होते. म्हणून ऋषिकुल्येचे मुख या वर्षी जेथे दिसते, तेथेच ते काही वर्षांनी असेल, असे सांगता येत नाही.

जेथे वाळू येण्याचे व जाण्याचे प्रमाण सारखे असते तेथे किनारा टिकून राहतो. येणारी वाळू कमी पडली की समुद्र जमिनीत शिरू लागतो. नदीवर बंधारे झाले तर डोंगरांतून येणारी वाळू घटते. बंदरासाठी समुद्रात दगडी भिंत घातली तर दक्षिणेकडून येणारी वाळू तिच्या दक्षिण अंगास साठते आणि उत्तरेचा किनारा उपाशी राहतो. या प्रक्रियेचे परिणाम किती कठोर असू शकतात, हे नदीमुखाजवळच्या पोडमपेटा या मच्छीमार गावाने अनुभवले आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत समुद्राने या गावाची घरे एकामागून एक गिळली आणि गावकऱ्यांना आत सरकून नव्या वसाहतीत राहावयास जावे लागले. जुन्या गावाच्या जागी पडक्या भिंतीच उरल्या.

चिल्का : अर्धे गोड, अर्धे खारे

किनाऱ्यालगत सरकणाऱ्या वाळूनेच चिल्का सरोवर निर्माण केले आहे. पूर्वी जेथे समुद्राचे एक उथळ आखात होते, त्याच्या तोंडावर वाळूचा लांब दांडा वाढत गेला आणि आतले पाणी कोंडले गेले. अशा जलाशयास खारकच्छ म्हणतात. आशिया खंडातील निमखाऱ्या पाण्याच्या खारकच्छांत चिल्का सर्वांत मोठे समजले जाते. त्याचा विस्तार उन्हाळ्यात सुमारे ९०० चौरस किलोमीटर, तर पावसाळ्यात ११०० चौरस किलोमीटरांहून अधिक असतो. पावसाळ्यात नद्यांचे गोडे पाणी येऊन ते गोडसर होते आणि उन्हाळ्यात समुद्राचे पाणी शिरून खारट होते. या आलटून पालटून येणाऱ्या गोडी-खाराशीवर तेथील मासे, कोळंबी, खेकडे आणि त्यांच्यावर जगणारी सहस्रावधी कुटुंबे अवलंबून आहेत.

१९८१ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत भारतातील जी पहिली दोन स्थळे समाविष्ट झाली, त्यांपैकी चिल्का हे एक होय. परंतु त्यानंतरच्या वर्षांत सरोवराची प्रकृती बिघडली. समुद्राशी जोडणारी लांब वाट गाळाने भरत गेली, खारे पाणी येईनासे झाले, पाण्यावर गोड्या पाण्यातील तण माजले आणि मासळी घटली. १९९३ साली सरोवराचे नाव संकटग्रस्त पाणथळ जागांच्या सूचीत गेले. अभ्यासाअंती असा निर्णय झाला, की सरोवरास समुद्राशी जोडणारे जवळचे नवे मुख कापावे. सप्टेंबर २००० मध्ये ते उघडण्यात आले. परिणाम थोड्याच काळात दिसून आला. १९९९-२००० मध्ये सुमारे १७०० टनांवर आलेली मासळी २००१-०२ मध्ये ११ हजार टनांच्या वर गेली, आणि २००२ साली संकटग्रस्तांच्या सूचीतून चिल्काचे नाव काढण्यात आले. रोगाचे मूळ कारण शोधून केलेली साधी शस्त्रक्रियाही निसर्गास कशी मानवते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

गंजाम जिल्ह्यात येतो तो चिल्काचा दक्षिण भाग. रंभा येथे टेकड्या पाण्यापर्यंत आलेल्या असून लहान लहान खडकाळ बेटे दिसतात. हिवाळ्यात उत्तर आशियातून येणारे लक्षावधी पक्षी सरोवरावर उतरतात. त्याच्या पाण्यात इरावती डॉल्फिन हा बोथट तोंडाचा, लाजाळू सस्तन प्राणीही राहतो. त्याची येथील संख्या दीडशेच्या आसपास मोजली गेली आहे. रंभ्याच्या बाजूचे पाणी आणि ऋषिकुल्येची खाडी यांना पालूरचा कालवा जोडतो. पूर्वी मीठ व धान्य यांची ने-आण अशाच जलमार्गांनी होत असे.

पालूर, जौगड, गंजाम, गोपालपूर

या कालव्यास ज्या पालूर गावाचे नाव मिळाले आहे, ते गाव आज लहान आहे. पण त्याचे नाव पुरातन आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील भूगोलवेत्ता टॉलेमी याने आपल्या ग्रंथात भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील ‘पलूरा’ या स्थळाचा उल्लेख केला आहे. त्याच्या निकटच्या एका ठिकाणापासून सुवर्णभूमीकडे, म्हणजे आग्नेय आशियाकडे, जाणारी जहाजे किनारा सोडून खुल्या समुद्रात शिरत, असे त्याने नमूद केले आहे. हे पलूरा म्हणजे ऋषिकुल्येच्या मुखाजवळचे पालूर असावे, असे अनेक विद्वान मानतात. चिल्काच्या जुन्या मुखाजवळील माणिकपटणा येथील उत्खननात परदेशी बनावटीची मृत्पात्रे व चिनी मातीची भांडी सापडली असून या किनाऱ्याचा दूरदेशांशी असलेला संबंध त्यांवरून सिद्ध होतो.

त्या काळचे नाविक वाऱ्याचे पंचांग जाणत असत. पावसाळा संपून ईशान्येचा वारा सुरू झाला म्हणजे जहाजे दक्षिणेकडे निघत, आणि नैर्ऋत्येचा वारा वाहू लागला की परत येत. आजही कार्तिकी पौर्णिमेच्या पहाटे ओडिशातील आबालवृद्ध नदी-तळ्यांवर जमून केळीच्या सोपटाच्या किंवा कागदाच्या चिमुकल्या नौका, त्यांत दिवा ठेवून, पाण्यावर सोडतात. जहाजे बंद झाली, पण त्यांच्या प्रयाणाची तिथी लोकांच्या स्मरणात राहिली.

ऋषिकुल्येच्या काठाने आत गेल्यास जौगड येथे सम्राट अशोकाचा शिलालेख पाहावयास मिळतो. इसवी सनापूर्वी सुमारे २६१ मध्ये अशोकाने कलिंग जिंकला. त्या युद्धातील भीषण संहाराचे वर्णन करणारी तेरावी आज्ञा देशात अन्यत्र कोरलेली आहे. परंतु प्रत्यक्ष कलिंगात, म्हणजे धौली आणि जौगड येथे, ती कोरलेली नाही. तिच्या जागी येथे दोन स्वतंत्र आज्ञा आहेत. समापा येथील अधिकाऱ्यांस उद्देशून असलेल्या त्या आज्ञांत, सर्व प्रजेकडे राजा अपत्यवत् पाहतो आणि अधिकाऱ्यांनी न्यायाने वागावे, असा आशय आहे. जिंकलेल्या लोकांसमोर त्यांच्याच पराभवाचे वर्णन कोरावयाचे नाही, ही सावधगिरी असो वा सौजन्य, दोन सहस्र वर्षांनंतरही ती विचार करावयास लावते.

नदीमुखाजवळचे गंजाम गाव एके काळी जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. येथे इंग्रजांनी १७६८ साली बांधलेला पोटागड हा तारकाकृती किल्ला भग्नावस्थेत उभा आहे. १८१५ च्या सुमारास तापाच्या भयंकर साथीने गंजामची वस्ती उजाड झाली आणि कारभार तेथून हलविण्यात आला. बंदराचे महत्त्व पुढे गोपालपूरकडे गेले. तेथून ब्रह्मदेशातील रंगूनकडे जहाजे जात आणि या जिल्ह्यातील हजारो कष्टकरी त्यांतून पोट भरण्यासाठी परदेशी जात. दुसऱ्या महायुद्धाबरोबर ती वाहतूक संपली. प्रशासनाच्या दृष्टीने हा प्रदेश मद्रास इलाख्यात होता. १ एप्रिल १९३६ रोजी ओडिशाचा स्वतंत्र प्रांत झाला तेव्हा तो त्यात आला. येथील अनेक मच्छीमार वस्त्यांतून आजही तेलुगू बोलली जाते.

मीठ, केवडा आणि शिवलेल्या होड्या

हुम्याच्या परिसरात मिठागरे आहेत. मीठ पिकविणे हे दिसावयास सोपे, पण वस्तुतः सूक्ष्म निरीक्षणाचे काम आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि ते सर्व एकाच वेळी खाली बसत नाहीत. पाणी आटून सुमारे पाचवा हिस्सा उरले की जिप्सम बसू लागते; दहावा हिस्सा उरला की खाण्याचे मीठ. त्यापुढेही पाणी आटू दिले तर मॅग्नेशियमचे कडू क्षार मिठात मिसळतात. म्हणून पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात योग्य क्षणी सोडणे आणि शेवटचे कडू पाणी वेळीच काढून टाकणे, हे मिठागऱ्याचे खरे कौशल्य होय.

केवडा हे गंजामचे दुसरे वैशिष्ट्य. श्रावण-भाद्रपदात मराठी घराघरांतून ज्याचा सुवास दरवळतो, तो केवडा येथे किनाऱ्यालगत बांधांवर आणि ओढ्यांच्या काठी दाट वाढतो. त्याची आधारमुळे सुटी वाळू धरून ठेवतात आणि काटेरी पाने शेताचे कुंपण होतात. केवड्याचे नर व मादी वृक्ष निराळे असतात. सुगंध असतो तो केवळ नर वृक्षाच्या तुऱ्यास. पहाटे तोडलेली कणसे तांब्याच्या मोठ्या देगेत पाण्याबरोबर उकळून त्यांची वाफ थंड केली जाते आणि केवडाजल व केवड्याचे अत्तर तयार होते. देशातील बहुतांश केवडा-अत्तर या एका जिल्ह्यातून येते. गंजामच्या केवड्यास भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले असून त्याच्या नावाचा अन्यत्र गैरवापर करता येत नाही. येथील केवडाच इतका सुगंधी का, या प्रश्नाच्या उत्तरात या भूमीची वाळवट माती आणि समुद्राची दमट हवा यांचा वाटा मानला जातो.

तिसरी गोष्ट म्हणजे होड्या. उघड्या किनाऱ्यावर बंदराचा आडोसा नसल्याने होडी थेट फुटत्या लाटांतून न्यावी लागते. खिळ्यांनी ठोकलेली ताठ होडी त्या माऱ्यात दुभंगते. यासाठी पूर्व किनाऱ्याच्या मच्छीमारांनी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून होड्या बांधण्याची पद्धत काढली. शिवलेली होडी लाटेखाली किंचित वाकते आणि म्हणूनच टिकते. आता काचतंतूंच्या होड्या व यंत्रे आल्यामुळे ही विद्या मागे पडत आहे. तथापि ती कोणत्याही ग्रंथाशिवाय पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली एक अभियांत्रिकीच होती.

कासवांचे आगमन

हिवाळा सरत आला की या किनाऱ्यासमोरच्या समुद्रात ऑलिव्ह रिडली जातीची कासवे जमू लागतात. हे समुद्रकासवांतील आकाराने लहान कासव होय. पूर्ण वाढ झालेल्या मादीची पाठ सुमारे ६० ते ७० सेंटिमीटर लांब असते. बहुतेक सागरी कासवांच्या माद्या एकेकट्या येऊन अंडी घालतात. ऑलिव्ह रिडलीही कोकणात वेळास, आंजर्ले, गुहागर अशा ठिकाणी तसेच करतात. परंतु जगातील काही थोड्या किनाऱ्यांवर त्या हजारोंच्या समुदायाने, एकाच सुमारास, वाळूवर चढतात. या घटनेस ‘अरिबाडा’ हा स्पॅनिश शब्द रूढ झाला आहे. त्याचा अर्थ ‘आगमन’.

ओडिशात अशी तीन स्थळे आहेत : गहिरमाथा, देवी नदीचे मुख आणि ऋषिकुल्येचे मुख. ऋषिकुल्येच्या स्थळाची नोंद वैज्ञानिक जगतात १९९४ साली बिवाश पांडव यांच्यामुळे झाली. नदीमुखाच्या उत्तरेस पुरुणाबंध, गोखरकुडा, कंटियागडा या गावांसमोरील काही किलोमीटर पुळण हे त्यांचे सूतिकागृह. बहुधा फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, वारा अनुकूल झाला की, रात्रीच्या अंधारात माद्या पाण्याबाहेर येऊ लागतात. प्रत्येक मादी मागच्या वल्ह्यांनी सुमारे हातभर खोल खड्डा खणते, त्यात शंभरांहून अधिक अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजविते, अंगाने ती वाळू चोपते आणि मागे न पाहता समुद्रात परतते. २०२५ च्या फेब्रुवारीत येथे सुमारे सात लक्ष माद्यांनी अंडी घातल्याची नोंद झाली. त्याच्या आदल्या वर्षी, २०२४ मध्ये, मात्र सामूहिक आगमन झालेच नव्हते. असे का घडते, याचे पूर्ण उत्तर विज्ञानास अद्याप सापडलेले नाही.

इतक्या माद्यांनी एकत्र येण्यात काय लाभ? कोल्हे, कुत्री, पक्षी व खेकडे अंडी आणि पिले खातात. पण त्यांच्या पोटालाही मर्यादा आहे. अंडी थोडी थोडी मिळाली तर ती सर्व फस्त होतात; एकदमच कोट्यवधी मिळाली तर पुष्कळ शिल्लक राहतात. परंतु या उपायास किंमतही आहे. नंतर येणाऱ्या माद्या आधीची घरटी उकरतात आणि बरीच अंडी त्यांच्याच जातीकडून नष्ट होतात.

अंड्यांना ऊब देण्याचे काम सूर्य आणि वाळू करतात. पिले सुमारे ४५ ते ५५ दिवसांनी बाहेर पडतात. त्यांचे लिंग वाळूच्या उष्णतेवर ठरते : सुमारे २९ ते ३० अंश सेल्सिअसच्या वर वाळू तापली तर माद्या अधिक, त्याहून थंड राहिली तर नर अधिक. पृथ्वीचे तापमान वाढत असताना या साध्या नियमाचे परिणाम गंभीर होऊ शकतात. वाळू थंडावली की बहुधा रात्री पिले वर येतात आणि क्षितिजाच्या उजळ भागाकडे धाव घेतात. निसर्गात तो उजळ भाग म्हणजे समुद्र. परंतु मागे गावांचे वा कारखान्यांचे दिवे असतील, तर ती उलट दिशेने जाऊन मरतात. म्हणून त्या काळात किनाऱ्याजवळचे दिवे मालविण्यात किंवा झाकण्यात येतात आणि आसपासच्या गावांतील तरुण रात्रभर फिरून वाट चुकलेली पिले टोपल्यांत गोळा करून समुद्राकडे नेतात.

ही कासवे किती दूर जातात, याचे एक प्रमाण महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच मिळाले. ओडिशात २०२१ साली जिच्या वल्ह्यास धातूची क्रमांकित पट्टी लावली होती, अशी एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना आढळली. भारताच्या दोन किनाऱ्यांवरील कासवांचे समुदाय सर्वस्वी वेगळे नाहीत, हे त्या एका पट्टीने दाखवून दिले.

संकट आणि पूर्वसूचना

बंगालच्या उपसागराचा किनारा म्हटला की चक्रीवादळ आलेच. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशावर आलेल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. १२ ऑक्टोबर २०१३ च्या रात्री ‘फायलिन’ हे वादळ गोपालपूरजवळ जमिनीवर आले. वाऱ्याचा वेग ताशी २०० किलोमीटरांच्या आसपास होता. या वेळी मात्र उपग्रहांच्या साहाय्याने वादळाचा मार्ग अनेक दिवस आधी वर्तविता आला होता. सुमारे दहा लाख लोकांना सुरक्षित स्थळी नेले गेले. घरे, झाडे, पिके यांची अपरिमित हानी झाली. पण मृतांची संख्या काही दशकांतच राहिली. वादळ तेवढेच क्रूर होते. चौदा वर्षांत सज्ज झाला तो समाज.

किनाऱ्याचे वाटेकरी

गंजामच्या या साठ किलोमीटरांवर अनेकांचा हक्क आहे. कासवांच्या रक्षणासाठी दरवर्षी १ नोव्हेंबर ते ३१ मे पर्यंत धामरा, देवी व ऋषिकुल्या या नद्यांच्या मुखांजवळील समुद्रात, वीस किलोमीटरांपर्यंत, मासेमारीस बंदी असते. जाळ्यात अडकलेले कासव श्वास घेण्यासाठी वर येऊ शकत नाही व गुदमरते; म्हणून ही बंदी आवश्यक आहे. परंतु सात महिने हा मच्छीमाराच्या संसारातील मोठा काळ होय. त्यासाठी शासन अर्थसाहाय्य देते. तरीही कासवाच्या जिवाची किंमत प्रथम किनाऱ्यावरील गरिबाच्या चुलीतून चुकती होते, हे विसरता येत नाही. पुरुणाबंध आणि गोखरकुड्याचे जे तरुण रात्री पिले वाचवितात, ते याच मच्छीमारांच्या घरांतील आहेत. ही गोष्ट ज्याला समजली, त्याला या किनाऱ्याचे मर्म समजले.

बंदर हवे, कारण जिल्ह्यास रोजगार हवा. खनिजे हवीत, कारण देशास ती लागतात. पुळण हवी, कारण कासवास ती हवी आणि गावासही ती समुद्रापासून वाचविते. ही सर्व मागणी एकाच वाळूकडे आहे, आणि ती वाळू डोंगरातून जितकी येते तितकीच आहे. चिल्काच्या नव्या मुखाने असे दाखविले, की नैसर्गिक प्रक्रिया नीट समजून घेऊन केलेला हस्तक्षेप हितकर होऊ शकतो. पोडमपेट्याच्या भिंतींनी असे दाखविले, की ती प्रक्रिया दुर्लक्षित राहिली तर समुद्र कोणाचीही वाट पाहत नाही.

या प्रदेशास भेट देणाऱ्याने हिवाळ्यात रंभ्यास पक्षी पाहावेत, जौगडच्या शिळेसमोर क्षणभर उभे राहावे, आणि गोपालपूरच्या पुळणीवर वाळूतील काळे पट्टे निरखावेत. कासवांच्या रात्री पाहावयाच्या असतील तर वनखात्याच्या अनुमतीने, दिवा न लावता, दुरून पाहाव्यात. मादी समुद्रातून वर येत असताना तिच्या वाटेत माणूस उभा असला, तर ती पुष्कळदा अंडी न घालताच परत फिरते.